आज मला काय काम?

सकाळी ७.३०

रात्रपाळीच्या मावशी निघायच्या आत मला पोचावं लागतं. त्यांच्या वहीत औषधं, ताप, लघवी, झोप असं सगळं असतं. मला हवं असतं ते वहीत नसतं, त्यांच्या तोंडी असतं. रात्री कोण कुणाच्या नावानं हाका मारत होतं, कुणाच्या उशीखाली पोळी सापडली, कोण नेहमीपेक्षा गप्प होतं. बसची वेळ सांभाळत मावशी उभ्या उभ्याच सांगतात आणि मी लिहून घेते. कुणाचा दिवस कसा आखायचा ते या दहा मिनिटांत बरंचसं ठरतं.

आमचं शुश्रूषा केंद्र पुण्याच्या पश्चिमेला आहे. चाळीसच्या आसपास रहिवासी. निम्म्याहून अधिक लोकांना डिमेन्शिया आहे, कुणाला पक्षाघात झालेला, कुणी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेलं. मी व्यवसायोपचार शिकले. आपल्याकडे या विषयाचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. जन्मानं अमेरिकन असलेल्या, निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या या बाईंमुळे माझ्यासारख्या कितीतरी जणी या कामात आल्या. हातानं अर्थपूर्ण काहीतरी करत राहणं हाच माणसासाठी उपचार असतो, यावर ही सारी विद्या उभी आहे.

इथे येणारे पाहुणे मला म्हणतात, 'तुम्ही यांचा वेळ छान घालवता.' मला ते मनापासून पटत नाही. वेळ घालवायला यांना मदत नको आहे. यांना हवं आहे असं काम, जे त्यांनी केलं नाही तर कुणाचं तरी अडेल.

८.१५

आंघोळी आणि कपडे. अनेक संस्थांत ही वेळ 'उरकण्याची' असते. मी मात्र या वेळेला प्रत्येक मजल्यावर एक फेरी मारते, कारण दिवसातली पहिली निवड इथे होते. दोन साड्या पुढे धरायच्या आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. डिमेन्शियात उत्तर यायला वेळ लागतो. आपण अर्ध्या मिनिटात अस्वस्थ होतो आणि स्वतःच एक साडी उचलतो.

दुसऱ्या मजल्यावर अक्का आहेत. मुळशीतल्या डोंगरगावच्या, शेतकरी, वय नव्वदीच्या घरात. आयुष्यभर नऊवारी लुगडं नेसलेल्या. इथे आल्यावर सोयीसाठी त्यांना गाऊन घातला गेला. डायपर बदलायचं, कूस बदलायची, त्यात नऊ वार कुठे सांभाळणार? मग त्यांच्या कागदावर रोज एक नोंद येऊ लागली : 'अस्वस्थ. कपडे ओढतात.' औषध वाढवावं का, इथपर्यंत बोलणं गेलं. लातूरकडच्या एका मावशींनी ते थांबवलं. त्या म्हणाल्या, 'ताई, त्या कापड वढत न्हाईत. पदर हुडकत्यात.' आता गाऊनवर अर्धं लुगडं पांघरलेलं असतं आणि त्याचा काठ अक्कांच्या डोक्यावर असतो. ओढणं थांबलं. औषध वाढवायची वेळ आली नाही.

माझ्या कामातलं निम्मं काम या मावशी करतात. त्यांच्याशिवाय माझी कुठलीही योजना दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही. म्हणून कुठल्याही संस्थेनं माझ्यासारखी एक ताई नेमण्याआधी मावशींची संख्या वाढवावी, असंच मी सांगत आले आहे.

९.१५

व्हरांड्यात कुंड्या आहेत. तुळस, गवती चहा, ओवा, सदाफुली. प्रत्येक कुंडी कुणाची तरी आहे आणि पाणी त्यानंच घालायचं. रोप वाळलं तर वाळू द्यायचं, हा नियम मी माळीदादांना बऱ्याच समजावणीनंतर पटवला. अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका शुश्रूषागृहात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगितलं की खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री पाहायचा ते ठरवा, आणि हे रोप तुमचं, तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं वाटली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक तरतरीत आणि अधिक हिंडती-फिरती झाली. रोप दोन्हीकडे होतं. जबाबदारी एकीकडेच होती.

व्हरांड्याच्या टोकाला सर बसतात. हायस्कुलात गणित शिकवायचे. बुद्धी शाबूत, पाय गेलेले. मी रोज जाऊन विचारते, ते चष्म्यावरून पाहतात आणि म्हणतात, 'आज काय आहे?'

'दहा वाजता कापसाची वस्त्रं. बाराला गाणी. तुम्ही याल?'

'नाही.'

मग ते भिंग घेऊन वर्तमानपत्राकडे वळतात. त्यांना रोपही नको आहे. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी रकाना रिकामा ठेवत नाही. 'विचारलं, नको म्हणाले' असं लिहिते. त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय म्हणून तो तिथे नोंदला जातो. चाकाच्या खुर्च्या ढकलत सगळ्यांना हॉलमध्ये आणायचं, टाळ्या वाजवायला लावायच्या आणि उपस्थिती शंभर टक्के दाखवायची, ही पद्धत मी पाहिलेली आहे. तिथले लोक डोळे मिटून बसतात. नकार देता येणं हे म्हातारपणी फार थोड्या जागी उरतं. सरांचा नकार मला टिकवायचा आहे, आणि रोजचं विचारणंही.

१०.००

गणपती पुढच्या आठवड्यात. जेवणघराच्या लांब टेबलावर पांढरी चादर घातली आहे आणि तिच्यावर कापूस. पुढच्या चौकातल्या पूजासाहित्याच्या दुकानदारानं वस्त्रमाळांची मागणी दिली आहे, त्यामुळे आज टेबलावर गर्दी आहे आणि थोडा ताणही आहे. तो ताण मला हवासा वाटतो.

एकच काम सगळ्यांना जमेल असं नसतं. पण एका कामाचे तुकडे केले की बहुतेकांना काही ना काही जमतं, आणि हे तुकडे नीट करणं हेच माझं खरं शिक्षण. आजार पुढे गेलेल्यांपुढे कापसाचा ढीग : सरकीचे कण वेचायचे, कापूस बोटांनी मोकळा करायचा. त्यांना सुरुवात आणि शेवट कळला नाही तरी बोटं चालतात. ज्यांच्या हाताला सवय आहे त्या बोटाला पाण्याचा हात लावून मणी वळतात. ज्यांचं गणित अजून पक्कं आहे त्या माळेतले मणी मोजतात : हे सात, हे अकरा, हे एकवीस. डावी बाजू गेलेल्या एका आजी उजव्या हातातल्या काडीनं ओलं कुंकू टेकवत जातात; त्यांची माळ हलू नये म्हणून पाटाला दोन खिळे मारून घेतले आहेत. आणि टेबलाच्या डोक्याला शिंपीकाका. ते काही वळत नाहीत. तयार माळ उचलतात, प्रकाशाकडे धरतात आणि पसंत नसेल तर एकच शब्द उच्चारतात : 'उसवा.' बायका चिडतात, पण उसवतात. नुसती माया दाखवणाऱ्या वातावरणात चूक काढणाराही कुणी लागतो. काका तपासतात म्हणून त्या माळेला किंमत येते.

पैसे येतील ते काम केलेल्यांत वाटले जातात, पाकिटात घालून, पाकिटावर नाव लिहून. रक्कम अगदी किरकोळ. पण गेल्या वर्षी त्यातून एका आजींनी नातवाला ओवाळणी घातली, आणि आता त्या इथे येणाऱ्या प्रत्येकाला 'माझ्या कमाईतून' असं सांगतात.

हे काम इथल्या सगळ्यांचं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. वसईच्या एक ख्रिस्ती आजी आहेत. आठ सप्टेंबर हा त्यांच्या मरियामाऊलीचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, आणि मग वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा. या दिवसांत त्यांना कापूस दाखवण्यात काय अर्थ? त्यांच्या खोलीत याच वेळेला मोबाईलवर प्रार्थना लावून दिलेली असते, हातात जपमाळ असते आणि दार लोटलेलं असतं. आपल्याकडे 'भजन लावलं की सगळे खूश' असं फार सहज गृहीत धरतात.

१०.४५

'मुलं आली का?'

हा प्रश्न बाई पहाटेपासून विचारतात. बालवाडीच्या शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही, आणि जन्मभर सगळ्यांच्या 'बाई'च राहिल्या. म्हणून इथेही आम्ही त्यांना आजी म्हणत नाही. डॉक्टरांनी साल विचारलं तर सांगता येत नाही, पंतप्रधान कोण ते आठवत नाही, दुपारी जेवल्या की नाही तेही नाही. पूर्वी त्या प्रश्नाला 'येतील हं' असं उत्तर मिळायचं आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा प्रश्न. आता मंगळवारी आणि शुक्रवारी मुलं खरंच येतात, शेजारच्या गल्लीतल्या अंगणवाडीतली. आणि इतर दिवशी मुलांसाठी साहित्य लावून ठेवायचं असतं.

यामागे एक मोठा, वळणावळणाचा प्रवास आहे. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे कित्येक वर्षं इथेच राहिल्या. त्यांची पद्धत आपल्या मातीत रुजवली ताराबाई मोडकांनी. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आणि अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांसाठी त्यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं वापरली. तिकडे १९९० च्या दशकात कॅमेरॉन कॅम्प नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तीच माँटेसोरी तत्त्वं डिमेन्शिया झालेल्यांसाठी वापरायला सुरुवात केली. काम लहान पायऱ्यांत मांडायचं, सांगण्यापेक्षा करून दाखवायचं, वस्तू खरी हवी, आणि चूक दाखवायचं काम साधनानंच करावं. आमच्या बाईंच्या हातात ही सगळी तत्त्वं आधीपासून होती. मी त्यांच्यापुढे फक्त चिंचोके, सागरगोटे आणि शिंपले ठेवले. गुंजा मात्र काढून टाकल्या. त्या विषारी, आणि इथे दोन्ही बाजूंची माणसं वस्तू तोंडात घालणारी.

आज सहा मुलं आली. एकानं चिंचोक्यांच्या वाटीत शिंपला टाकला. मी बोलणार होते, बाईंनी हातानंच मला थांबवलं. त्यांनी स्वतःसमोर रिकाम्या वाट्या घेतल्या आणि अतिशय सावकाश, एक शब्द न बोलता, एकेक बी उचलून जागच्या जागी ठेवू लागल्या. मुलगा पाहत राहिला. मग त्यानं आपला शिंपला उचलून दुसऱ्या वाटीत ठेवला. बाईंनी शाबासकी दिली नाही, मानही हलवली नाही. त्या वळणाच्या शिक्षणात ती द्यायची नसते. इतकी शिस्त मला अजून जमलेली नाही.

मुलं गेली की पाचच मिनिटांत, ती आली होती हे बाई विसरतात. पण दुपारभर शांत असतात. आठवण गेली तरी मन भरलेलं राहतं, हे मी इथे फार वेळा पाहिलं आहे.

१२.००

साहेब बँकेत मोठे अधिकारी होते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. तोंडून मात्र एकच शब्द येतो, 'हो'. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. भाषेचा खजिना जागेवर आणि किल्ली हरवलेली, यासारखी यातना मी दुसरी पाहिली नाही.

त्यांच्या पत्नीनं मला 'गीतरामायणा'बद्दल सांगितलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. साहेब तेव्हा शाळकरी होते आणि त्यांच्या वाड्यात एकच रेडिओ होता. बायका, पोरं, भाडेकरू सगळे त्याच्याभोवती. दहा ते तिशीच्या वयात मनावर उमटलेलं म्हातारपणी सर्वांत ठळक राहतं, हे मानसशास्त्रात चांगलं सिद्ध झालेलं आहे. मी ध्वनिमुद्रण लावलं आणि पहिल्या कडव्याला साहेबांचे ओठ हलले, दुसऱ्याला शब्द आले. स्पष्ट, पूर्ण, सुरात. झटक्यानंतर बोलू न शकणारी माणसं गाऊ शकतात, हे वैद्यकाला ठाऊक आहे. सुरावटीच्या आधारानं बोलणं परत आणायची एक उपचारपद्धती १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये तयार झाली.

आमच्या वाचोपचारतज्ज्ञ आता आठवड्यातून दोनदा येतात. गाणं झालं की त्याच चालीसारख्या साध्या दोन सुरांत एक छोटं वाक्य बसवायचं, साहेबांच्या डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायचा. सध्या 'पाणी हवंय' हे बसतंय. आज तीनदा आलं, एकदा सुराशिवाय. गाण्यांचा तास सगळ्यांना मनोरंजन वाटतो. साहेबांसाठी तो दिवसातला सर्वांत कष्टाचा तास आहे; ते घामाघूम होतात.

१.००

जेवण. मी जेवते तेव्हा कुणी काही दाखवायला आलं नाही तर बरं वाटतं. आज दोघं आले.

२.००

गेल्या आठवड्यात आलेल्या एका आजींची मुलगी भेटायला आली. दुपारी बाकीचे झोपलेले असतात, म्हणून नातेवाइकांना मी हीच वेळ देते. माझ्याकडे एक वही असते, प्रत्येक रहिवाशाची वेगळी. तिच्यात आयुष्य लिहून घ्यायचं.

आधी मी छापील नमुना वापरत असे. त्यात 'छंद व आवडी' असा रकाना होता, आणि आपल्या पिढीच्या आयांबद्दल त्या रकान्यात एकच उत्तर येतं. या मुलीनंही तेच दिलं : 'आईला कसलीच आवड नव्हती हो. आयुष्यभर घर एके घर. आम्हीच कधी विचारलं नाही.' असं म्हणताना तिचा आवाज खाली गेला. छंद असायला फुरसत लागते, आणि ती या बायकांना कुणी दिली होती? म्हणून आता मी वेगळं विचारते. सकाळी उठून पहिलं काय करायच्या? शेजारी काय म्हणून हाक मारायचे? कुठल्या गोष्टीवरून घरात भांडण व्हायचं? हातात रिकामपणी काय असायचं? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न : घरातलं असं कुठलं काम होतं, जे त्या दुसऱ्या कुणाला करूच द्यायच्या नाहीत?

ती थांबली. मग म्हणाली, 'विरजण.'

'म्हणजे?'

'दही तीच लावायची. मी लावलं तर म्हणायची, पाणी सुटेल. वहिनीनं लावलं तर आंबट होईल. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा रात्री उठून तिनं दूध कोमट केलं होतं. मी तेव्हा चिडले होते तिच्यावर.'

मी लिहून घेतलं. गेले आठ दिवस आजी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात आणि त्यांना कुणीतरी हात धरून परत आणतं. वहीत नोंद आहे : 'भटकतात.'

मुलगी आणखी तासभर बसली. आईला मराठी चौथीपर्यंतची शाळा, जर्मनच्या भांड्यांपेक्षा पितळेची आवड, भावावर जीव, रेडिओवर श्रुतिका. कसलीच आवड नव्हती म्हणालेल्या मुलीनं वहीची पाच पानं भरली.

३.१५

अक्कांची वेळ. त्या अंथरुणावरून उठत नाहीत, म्हणून काम त्यांच्याकडे जातं. पुण्याच्या परिसरात, विशेषतः मुळशी-मावळात, हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या बायकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या काही पुस्तकातून आलेल्या नव्हत्या. अक्कांसारख्या बायकांकडून आल्या होत्या. तेव्हा अक्कांना ओवी विचारणं साहजिक होतं. पण विचारलं तर त्या म्हणायच्या, 'न्हाई याद.' आणि खरंच नव्हती, कारण ती डोक्यात नव्हतीच, खांद्यात होती.

सुतारानं एक हलकी लाकडी तबकडी करून दिली, मधे खिट्टी, कडेला खुंटा. पलंगावर आडव्या येणाऱ्या टेबलावर ती बसते. दगड नाही, वजन नाही, फक्त फिरतं. अक्कांचा आखडलेला हात मी खुंट्यावर ठेवते आणि वरून माझा. चार-पाच वेढे होतात. मग श्वास बदलतो, आणि ओवी येते. आधी देवाची, मग भावाची, मग लेकीची, या क्रमात सहसा चूक होत नाही. खांद्याचा व्यायाम होतो म्हणून फिजिओ खूश आहेत. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दाराशी घडतं. लातूरकडच्या मावशी पुसायचं फडकं हातात घेऊन उभ्या राहतात आणि अक्का थांबल्या की पुढची ओळ त्या टाकतात, आपल्याकडच्या चालीत. अक्का ऐकतात, नापसंती दाखवतात आणि आपली चाल पुन्हा म्हणून दाखवतात. जिला रोज दुसऱ्याकडून पुसून घ्यावं लागतं, तिला दिवसातून वीस मिनिटं दुसरीला शिकवता येतं.

४.००

एका तरुणाचा फोन. वाढदिवस इथे साजरा करायचा आहे, केक, टोप्या, फुगे, फोटो. अशा फोनवर पूर्वी मी नुसतं हो म्हणायची, आता बोलते. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर कागदी टोपी चढवून त्याला केक भरवू नका. अनेकांना गिळायला त्रास होतो, अनेकांना साखर आहे, आणि टोपीचं तर कारणच नाही. यायचं तर दोघं-तिघं या, मोकळे हात घेऊन या, आणि काहीतरी शिकायला या. शिंपीकाका काजं करायला शिकवतात. बाई बालगीतं शिकवतात. तो तरुण जरा नाराज झाला, मग म्हणाला, 'काजं म्हणजे बटणाची?' येतो म्हणाला. भेट देणारे देणारेच राहिले तर आमची माणसं घेणारीच राहतात.

त्यानंतर विश्वस्तांकडे. लाकडी तबकड्या आणखी दोन हव्यात, आणि आवारात कोंबड्या पाळायची परवानगी. अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यातल्या चेस मेमोरियल शुश्रूषागृहात १९९१ साली बिल थॉमस या तरुण डॉक्टरनं दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पोपट एकदम आणले. त्याच्या मते म्हाताऱ्यांना ग्रासणारे रोग तीन : एकटेपणा, असहायता आणि कंटाळा. पुढच्या काळात तिथली औषधांची गरज तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या शुश्रूषागृहाच्या निम्म्यावर आली. ही हकिकत डॉक्टर-लेखक अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकात फार सुंदर सांगितली आहे. मी पोपट मागत नाही. चार गावठी कोंबड्या मागते, कारण इथल्या निदान सहा बायकांना कोंबड्या डालायचं ठाऊक आहे. वासाचा मुद्दा निघाला, नियमांचा निघाला. तबकड्या मंजूर झाल्या. कोंबड्यांचं मी पुन्हा विचारणार आहे.

५.१५

ऊन उतरलं की डिमेन्शियाच्या अनेकांत घालमेल सुरू होते. घरी जायचंय, उशीर झाला, कुणीतरी वाट पाहतंय. कंडक्टरकाकांना ड्यूटीवर जायचं असतं. एस.टी.त कोकणातल्या आगारात आयुष्य घातलेलं, आणि गणपती तोंडावर. म्हणजे मुंबईहून जादा गाड्या सुटायचे दिवस. त्यांना कसं कोण अडवणार? 'तुम्ही रिटायर झालात' असं सांगितलं की ते प्रत्येक वेळी ती बातमी पहिल्यांदाच ऐकतात आणि प्रत्येक वेळी खचतात. 'गाडी आज बंद आहे' असं खोटं सांगणं मला नको वाटतं. मी तिसरी वाट धरते : गाडीबद्दलच बोलते. कुठली गाडी, घाटात कुठे थांबायची, चिपळूणला चहा कुठे. मग त्यांच्या मुलानं आणून दिलेला जुना तिकिटाचा चिमटा हातात देते.

सहाच्या आधी जेवणघराच्या दारात त्यांची खुर्ची असते. आत येणाऱ्या प्रत्येकाजवळच्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला ते चिमटा मारतात आणि डोकी मोजतात. आचारीदादा आतून विचारतात, 'काका, किती?' काका आकडा सांगतात आणि तितकी ताटं वाढली जातात. आचारीदादांना तो आकडा खरोखरच हवा असतो, कारण कोण खोलीत जेवणार आणि कोण खाली येणार हे रोज बदलतं. आज सत्तावीस. मी मोजले, सत्तावीसच होते. शेवटी त्यांनी दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केली, डबल बेल, आणि स्वतः जेवायला बसले.

६.४५

स्वयंपाकघर. नव्या आजींना मी सोबत घेऊन गेले, या वेळी दारातून परत न्यायला नाही. आचारीदादांना दुपारीच सगळं सांगितलं होतं. त्यांची हरकत रास्त होती : सगळ्यांचं दही यावर सोडता येणार नाही, स्वच्छता पाहावी लागेल, गॅसजवळ आजींना उभं करता येणार नाही. ठरलं असं की आजींच्या टेबलावरच्या सहा जणांपुरतं पातेलं वेगळं, दूध दादा तापवून निववून देणार, आजींचे हात साबणानं धुतलेले, आणि बसायला खुर्ची.

मग दादा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, 'ताई, मी आपलं अजून एक छोटं पातेलं लावून ठेवतो. त्यांचं नाही लागलं तर सकाळी बदलू. कळायचं नाही त्यांना.'

त्यांचं मन चांगलं आहे, पण मी नको म्हटलं. पातेलं बदलायचंच असेल तर हे काम त्यांचं नाही, आपण त्यांना खेळवतोय. नाही लागलं तर उद्या त्या टेबलावर दही नसेल. सहा जण विचारतील, आणि आजी त्यांना काय ते सांगतील.

दादांना ते लगेच पटलं नाही. ते पातेल्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विरजणाची वाटी उचलली आणि आजींच्या पुढ्यात वाकून विचारलं, 'आजी, हवा पावसाळी आहे. किती घालू?'

आजींनी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. 'आधी दूध इकडे आण,' त्या म्हणाल्या. 'बोट घालून बघू दे. तुझं दूध गरम असणार.'